रोजच्या बाभळीपाशी

आमच्या अमरावतीत पंचांग सांगणारे पुष्कळ होते, पण 'मले माहीत नाही' म्हणणारा जोशी एकच. ते आमचे शास्त्रीबुवा. आता तुम्हीच सांगा, भविष्य विचारायला आलेल्या माणसाला जोशानंच असं सांगितलं तर त्याच्या घरी चूल पेटायची कशी? पेटायची, पण कशीबशी. काकू, म्हणजे त्यांची बायको, ओसरीवर येऊन सगळ्यांदेखत म्हणायच्या, "जा, आता दक्षिणा मागाले जा, अन् तिथंही सांगा मले माहीत नाही म्हणून!" बुवा मान डोलवायचे. काकूंचं म्हणणं त्यांना नेहमीच पटायचं, पण पटल्याचा उपयोग काही व्हायचा नाही.

एकदा चांदूरकडचा एक कुणबी आला. त्याचा बैल हरवला होता. दुसऱ्या जोशाकडे गेला असता तर त्यानं बोटं मोजली असती, 'ईशान्येला आहे, चार दिवसांत येईल' म्हणून सांगितलं असतं आणि सुपारी कनवटीला लावली असती. आमचे बुवा म्हणाले, "कुठी गेला ते मले माहीत नाही. चाल, पाहू." आणि डोक्याला उपरणं गुंडाळून निघाले त्याच्याबरोबर, नाल्याकाठानं हाका मारत. बैल सापडला. टेकडावरून बुवांनाच आधी दिसला तो, कारण नजर घारीची होती. रात्र रात्र अंगणात पडून ग्रह-नक्षत्रं न्याहाळायची सवय, पंचांगात लिहिलं आहे त्या जागी गुरू खरंच आहे की नाही हे बघायला! पंचांगात छापलेलं खरं आहे का हे आभाळात जाऊन तपासणारा जोशी मी दुसरा पाहिला नाही.

पण एक मान त्यांच्या घराण्याचा होता आणि तो कोणी काढू शकत नव्हतं. पाडव्याला देवळात सगळ्या पेठेसमोर वर्षफल वाचायचं ते ह्यांनीच. आजा वाचायचा, बाप वाचायचा, आता हे. त्या एका दिवशी बुवा धुतलेलं धोतर नेसून, ताठ बसून, अशा काही खणखणीत आवाजात वाचत की शेवटच्या पायरीवरच्या म्हातारीलाही अक्षर न् अक्षर ऐकू जाई. यंदाचा राजा कोण, मंत्री कोण, पाऊस कसा, धान्य कसं. आणि वाचून झालं की पोथी कपाळाला लावून म्हणत, "असं लिहिलं हाये. तसंच होईल का, ते मले माहीत नाही." लोक हसत. वर्षभर ते ह्या दिवसाची वाट पाहत, आणि काकूही. तेवढ्या दिवशी काकूंच्या तोंडून नवऱ्याबद्दल एक वाकडा शब्द निघत नसे.

मग ती कापसाची वर्षं आली. तिकडे अमेरिकेत आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि साऱ्या विलायतेचं लक्ष आमच्या वऱ्हाडावर आलं. काय तो पैसा, काय तो माज! गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या मारलेल्या मी ह्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. ज्याला त्याला वाटायचं की आपल्याच हाताला गुण आला. कापसाची पऱ्हाटी तीच, माती तीच, हात तेच. पण हे तेव्हा बोलायची सोय नव्हती. बोललं की म्हणत, "जयते काहून?" म्हणजे, जळतोस कशाला?

मी त्या वेळी एका कापूस घेणाऱ्या साहेबाकडे दुभाष्या होतो. त्याच्या दोन वखारी, एक इथं आणि एक अकोल्याला. माणूस स्कॉटलंड मुलखाचा. तांबूस, उंच, तोंडाचा फटकळ, मनानं बरा. संध्याकाळी वखार बंद झाली की गावाबाहेरच्या पडीत माळावर लांब दांडा घेऊन जायचा आणि चेंडूला टोला हाणायचा. ह्या खेळाला तो गोल्फ म्हणे. टोला मारायचा, चालत जायचं, पुन्हा मारायचा, आणि शेवटी तो चेंडू एका खड्ड्यात घालायचा. आमच्या विटीदांडूत निदान दुसऱ्या गड्यावर राज्य तरी येतं! ह्यात भांडायलाही कोणी नाही.

साहेबाची एक अडचण होती. पायाजवळचं त्याला स्वच्छ दिसे, पण लांबचं धुरकट. टोला मारला की चेंडू कुठे पडला ते दुसऱ्यानं सांगावं लागे. चपराशी सांगायचा, "बहुत दूर, हुजूर! बहुत दूर!" आणि साहेब चालत सुटायचा तर चेंडू जवळच सापडायचा. एक दिवस चिडून त्यानं मला विचारलं, ह्या गावात खोटं न बोलणारा एक तरी माणूस आहे का? मी म्हटलं, आहे एक, आणि त्यापायी त्याचे हालही आहेत. साहेब म्हणाला, घेऊन या.

बुवा आले. साहेबाचा खेळ त्यांनी थोडा वेळ पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, "चेंडू कशाचा हाये?"

साहेबानं चेंडू तळहातावर धरला. मी भाषांतर केलं, "बैलाचं कातडं, आत पिसं ठासून भरलेली."

"कोणत्या पाखराची?"

आता आली का पंचाईत! साहेबानं सांगितलं ते पाखरू आमच्याकडे नाही. मी आपला मऊपणा आणायला म्हटलं, "हंसाच्या जातीचं समजा."

"सरस्वतीचं वाहन उपटलं?" बुवा दोन पावलं मागे सरकले. "शिवशिव! मी पाहीन, पण हात लावनार नाही."

पाहण्याचं काम त्यांनी चोख केलं. चेंडू उडाला की मान न हलवता नुसती नजर जायची आणि लगेच उत्तर यायचं. "बाभळीपाशी." "बाभळीच्या अलीकडं, भेगेत." काळ्या मातीला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्यांत चेंडू गेला की गेला. माळाच्या मध्यावर एक एकटी बाभूळ होती, तिच्यावरून सगळं माप चाले. साहेबाचा चांगला टोला बाभळीपाशी पडायचा. तिच्या पलीकडे कधी गेला नाही, आणि बुवांनी कधी गेला म्हणून सांगितलंही नाही. साहेब खूश झाला. खोटी वाहवा ऐकून ऐकून कंटाळलेला माणूस होता तो.

पुढे मुंबईच्या कोण्या स्नेह्यानं साहेबाला नव्या तऱ्हेचे चेंडू पाठवले. समुद्रापलीकडच्या एका झाडाचा चीक असतो, गरम पाण्यात मऊ पडतो आणि निवला की दगडासारखा घट्ट होतो, त्याचे केलेले. गट्टा म्हणत त्याला. साहेबानं ते पाहिले आणि पेटीत टाकून दिले. म्हणाला, मी ह्याला जन्मात टोला मारणार नाही. त्याचा बाप पिसांचे चेंडू शिवायचा. दिवसभर बसून हाताची सालटं निघेपर्यंत पिसं ठासायची तेव्हा कुठे मोजके चेंडू व्हायचे. हा गट्ट्याचा चेंडू निघाला, लोक म्हणायला लागले की हा लांब जातो, स्वस्तही पडतो, आणि म्हाताऱ्याचा धंदा बसला. म्हातारा म्हणत राहिला, लांब जात नाही, माझ्या चेंडूत खोट नाही. ऐकलं कोणी नाही. तो तसाच गेला. साहेबाकडचे हे कातड्याचे चेंडू म्हणजे बापाच्या हातचे शेवटचे.

मी हे बुवांना सांगितलं. बुवांनी पेटीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "झाडाचा चीक म्हंजे डिंकच तो. त्याले विटाळ नाही. द्या इकडं."

आणि आमचे शास्त्रीबुवा खेळायला लागले! दांड्याच्या मुठीला कातडं गुंडाळलेलं होतं, ते साहेबाच्या परवानगीनं सोडून काढलं आणि घरचं जानव्याचं सूत गुंडाळलं. धोतराचा काचा मारायचा, पागोटं काढून खुंटावर ठेवायचं, आणि मग घ्यायचा टोला. पहिले पंधरा दिवस चेंडू जागचा हलला नाही, ढेकळं मात्र पुष्कळ उडाली. काकू म्हणाल्या, "शेत नांगराले जा कोणाचं, दोन पायल्या ज्वारी तरी येईन घरी." पुढे हात बसला. बरा बसला, म्हणजे साहेबाच्या निम्म्यानं.

त्यातही त्यांचं तपासणं सुटेना. कोरा गुळगुळीत चेंडू उडाला की मध्येच डोकं खाली घालतो आणि मार खाऊन खरचटलेला सरळ जातो, हे त्यांनी हेरलं. काहून, असं विचारलं तर म्हणायचे, "माहीत नाही. पन पाह्यलं." मग नवा चेंडू आला की ओट्यावर ठेवून विळ्याच्या पाठीनं ठोकायचे.

आता वाद पेटला तो हा की लांब कोणता जातो, कातड्याचा की गट्ट्याचा. वखारीतले दलाल, अडते, गाडीवान, सगळ्यांना मत होतं. चांदीच्या चाकाचा एक पाटील म्हणाला, "जो महाग तो लांब जाईन. त्यात इचारायचं काय?" साहेब म्हणे कातड्याचा, कारण त्याचा जास्त लांब जातो आणि बुवांचा कमी. बुवा म्हणाले, "त्याचा हात येगळा, माह्या हात येगळा. असं कधी समजनार नाही. एकाच मानसानं दोनी मारून पाहाले पाह्यजे." मी हे साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, खरं आहे, पण मी गट्ट्याला हात लावणार नाही. बुवा म्हणाले, "मी कातड्याले." दोघेही बरोबर, दोघेही अडून, आणि मधे मी दोन्हीकडचं बोलणं वाहून नेणारा हमाल.

असा हिवाळा गेला. बुवांना मात्र चैन पडेना. ओसरीवर बसले की एकदम म्हणायचे, "म्हातारा खरं बोलून राहिला होता का लेकाचा?" कोण म्हातारा, तर साहेबाचा मेलेला बाप! ज्याला पाहिलं नाही, ज्याची भाषा येत नाही, त्या माणसाची ह्यांना काळजी. मी म्हटलं, "बुवा, सोडा नं आता." तर म्हणाले, "मानूस खरं सांगूनसांगून मेला असन, अन् कोनी पाह्यलंच नसन, तं? थे मले सोसत नाही भाऊ."

पाडवा तोंडावर आला होता. एका संध्याकाळी माळावर नेहमीची मंडळी जमली असताना बुवा साहेबापुढे गेले आणि हात पुढे केला. "द्या तुमच्या बापाचा चेंडू."

मी इंग्रजीत सांगायच्या आधीच साहेबाला समजलं. तो मला म्हणाला, ह्यांना विचार, ह्यांच्या धर्मात चालतं का? मी विचारलं. बुवा म्हणाले, "नाही चालत." चपराशी पुढे होऊन म्हणाला, मी ठेवतो चेंडू मातीवर, तुम्ही नुसता दांडा लावा. बुवांनी मानेनंच नाही म्हटलं. ठेवणारा हात बदलला तर मग पाहणं कसलं? त्यांनी तो कातड्याचा चेंडू स्वतःच्या बोटांनी मातीच्या चिमटीवर ठेवला. गर्दीत कोणीतरी 'राम राम' म्हणालं.

मारला. मग गट्ट्याचा मारला. मग पुन्हा कातड्याचा. अंधार पडेस्तोवर आलटून पालटून मारत राहिले. घामानं पाठ निथळत होती आणि जानवं अंगाला चिकटलं होतं. शेवटी दांडा खाली ठेवून म्हणाले, "काही फरक नाही. कधी हा दोन हात पुढं, कधी थो. टोला नीट बसला का जाते, नाही बसला का नाही जात. साहेबाले सांग, त्याचा बाप खोटं बोलला नाही."

मी सांगितलं. तो एवढा दांडगा माणूस, त्यानं तोंड फिरवलं आणि रुमाल काढला. बुवा घाईनं म्हणाले, "अन् हेही सांग, हे माह्या हाताचं झालं. मी कच्चा गडी. त्याच्यासारख्या पक्क्या हाताचं मले माहीत नाही." मी तेही सांगितलं. पण त्या वेळी साहेबाला ते ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पंचांनी बोलावलं. बुवा आधीच नदीवर न्हाऊन आले होते. पंच काही दुष्ट नव्हते, खरं सांगतो. पाडवा चार दिवसांवर, दुसरा वाचणारा शोधायचा कुठे? त्यांनाही वाट काढायची होती. म्हणाले, पंचगव्य घ्या आणि सगळ्यांसमोर म्हणा, चुकून हात लागला. झालं, मिटलं.

"पंचगव्य घेतो," बुवा म्हणाले. "तुमी सांगान ते प्रायश्चित्त घेतो. चूक झाली हेही म्हनतो. पन चुकून नाही लागला हात. मी जानून लावला."

"अहो बुवा, म्हनाले काय जाते तुमचं?"

"त्याच तोंडानं वर्षफल वाचायचं हाये नं मले?"

मी त्यांना बाहेर ओढून नेलं. हात जोडले. म्हटलं, तीन पिढ्यांचा मान आहे, काकूंचा तरी विचार करा. ते म्हणाले, "तिले इचारून आलो." काकूंना मी नंतर विचारलं तर पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "ह्या मानसानं येवढ्या गिऱ्हाइकांले माहीत नाही सांगतलं तेव्हा खोटं बोलला नाही. आता काय बोलनार, कप्पाळ!" आणि वर मलाच चहाड्या करायला आलास का म्हणून झाडलं.

त्या पाडव्याला अकोल्याहून दुसरे शास्त्री आणले. त्यांनी गोड गळ्यानं वाचलं, आणि पोथीत नसलेलंही वाचलं की यंदा कापसाचा भाव आणखी चढणार. देऊळ दणाणून गेलं, लोकांनी रुपयांची ओवाळणी टाकली. आमचे बुवा शेवटच्या पायरीवर त्या म्हातारीशेजारी बसून ऐकत होते. मला राग येत होता, सगळ्यांचा, बुवांचा सुद्धा. घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "अवाज बरा हाये त्याचा. मागं ऐकू नाही येत."

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव असे कोसळले की चाकांची चांदी सोनारांनी परत उतरवून घेतली. साहेबाची आधी अकोल्याची वखार बंद झाली, मग अमरावतीची. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो विलायतेला निघाला. निघायच्या दिवशी सकाळी आम्हा दोघांना माळावर घेऊन गेला. तिघंच होतो.

त्याच्या हातात गट्ट्याचा चेंडू होता, बुवांच्या माराचा, खरचटलेला. मला म्हणाला, शास्त्र्यांनी माझ्या बापासाठी एवढं केलं, आता माझं मी पाहायला हवं. पक्क्या हाताचं. म्हणजे ते वाक्य त्यानं त्या दिवशी ऐकलं होतं तर! आधी बापाचा चेंडू मारला. तो बाभळीपाशी पडला, बुवांनी तसं सांगितलं. मग त्यानं गट्टा ठेवला, बराच वेळ नुसता त्याच्याकडे पाहत उभा राहिला, आणि मारला.

काय सांगू! असा टोला मी त्या माळावर पाहिला नव्हता. चेंडू उठला तो बाभळीच्या शेंड्यावरून गेला, पुढच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून गेला आणि पार पलीकडच्या शेतात उतरला. मला सुद्धा दिसला, माझी नजर ती काय. साहेब डोळे बारीक करून उभा होता. त्याला नेहमीप्रमाणे नुसतं धुकं दिसत असणार. त्यानं विचारलं, कुठे?

बुवांनी लगेच उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर त्या लांबच्या शेतावर होती.

"बाभळीपाशी," बुवा म्हणाले. "रोजच्या जागी. भेगेत गेला."

मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं डोक्यावरची टोपी काढली. बापाचा चेंडू स्वतः जाऊन घेऊन आला, खिशात ठेवला, बुवांना शिवायचं नाही हे लक्षात ठेवून लांबूनच वाकून नमस्कार केला, आणि गाडीत बसला.

भाव पडले तसे लोकांचे डोळे उघडले. गोड गळ्याच्या शास्त्र्याला शिव्या बसल्या, आणि आमच्या बुवांची आठवण यायला लागली. पुढच्या पाडव्याआधी पंच स्वतः घरी आले. नारळ, उपरणं घेऊन आले. म्हणाले, झालं गेलं सोडा, चुकून-बिकून काही म्हणू नका, नुसतं पंचगव्य घ्या आणि वाचायला बसा. तुमच्यासारखा खरं सांगणारा दुसरा नाही. आतून काकूंच्या बांगड्यांचा आवाज आला, मी तिथंच होतो, बाईनं कवाडाला घट्ट धरलं होतं.

बुवांनी नारळ उचलून पंचांच्या हातात परत दिला. "नाही जमनार. थे राह्यलं नाही आता."

"काय राह्यलं नाही?"

"खरं सांगनं."

पंचांना वाटलं टोमणा मारतात. गेले रागारागानं, आणि साऱ्या पेठेत झालं की शास्त्र्याला ताठा चढला आहे. काकूंना त्या रात्री सगळं सांगितलं असावं त्यांनी, कारण दुसऱ्या दिवशीपासून बाई ह्या विषयावर कोणाला एक शब्द बोलू देईनात. नवऱ्याला टोचून बोलणं मात्र चालूच होतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बुवा, बापाचा चेंडू तोपावेतो जुना झाला होता, त्यातला ठोसपणा गेला होता. म्हणून मागं पडला. ते काही खरं पाहणं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. "हे तं खरंच हाये, बाप्पा! हेच सांगतलं असतं साहेबाले, तं खोटं बोलाचं कामच नव्हतं." मग मान हलवली. "पन तेव्हा सुचलं नाही. त्याचं तोंड पाह्यलं, अन् निंघून गेलं तोंडातून."

"चुकून गेलं म्हणा नं मग."

"चुकून नाही गेलं," बुवा म्हणाले. ओसरीवरचं पंचांग त्यांनी उचललं, फडक्यात बांधलं आणि कोनाड्यात ठेवलं. मग एकदम माझ्याकडे वळले. "तुले तं दिसला होता नं रे चेंडू, पलीकडं पडताना?"

"दिसला होता."

"मंग साहेबाले इंग्रजीत काय सांगतलं तू?"

"तुम्ही म्हणालात तेच. बाभळीपाशी."

बुवा हसले. किती दिवसांनी हसले असतील! माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मंग तूही नोको वाचू बरं पंचांग."